न जेवलेलं गडगनेर

मॅट्रिक पास झालेली मुलगी कशी दिसते हे बघायला आमच्या गावच्या बाया आमच्या अंगणात येऊन गेल्या होत्या. मी होते तशीच होते, दात जरा पुढे आणि वेणी जरा आखूड. पण त्यांना काहीतरी फरक दिसला असावा, कारण जाताना प्रत्येकीने कानशिलावर बोटं मोडली. साल बावन्न. रिठदच्या अलीकडे, काळ्या मातीतलं आमचं लहानसं गाव. वाशीमला मामाकडे राहून मी शिकले होते, आणि आता पुढे काय हा प्रश्न घरात सगळ्यांच्या आधी मलाच पडला होता.

बाबांचा माझ्या शिकण्याला विरोध नव्हता. त्यांचं म्हणणं अगदी सरळ होतं. "शिकाचं तं शिक. पन मले झेपंल तिथं शिक. नाही झेपलं तं पोरगा पाहूनच राह्यलो मी." माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या. बाबा खोटं बोलत नव्हते आणि धमकीही देत नव्हते. वावरात किती पेरायचं ते जसं आभाळ बघून ठरवतात, तसं ते माझं शिक्षण ठरवत होते.

मामा म्हणाले, नागपूर. सल्ला देण्यात मामांचा हात मोठा सढळ. नागपूरला खर्च किती येतो असं विचारल्यावर मात्र त्यांना एकदम दुकानात काम आठवलं. शाळेतल्या एका मास्तरांनी अमरावती सुचवली. खर्चाचा नक्की अंदाज कोणालाच नव्हता, आणि अंदाजावर बाबा मला रिसोडच्या बाजारालाही धाडणार नव्हते.

नक्की माहिती असलेला माणूस आमच्या गावात एकच होता, आणि तो गावकुसाबाहेर राहत होता. वाशीमच्या शाळेत माझ्यापुढे दोन वर्षं होता. मॅट्रिक होऊन तो औरंगाबादला कॉलेजात गेला, तेव्हा गावाने फारशी दखल घेतली नव्हती. त्याला बघायला कोणी बाया गेल्या नाहीत. त्याची आई आमच्या वावरात निंदायला यायची. वावरात मी तिला आत्या म्हणायचे. घरी आले की तिचा उल्लेख 'ते निंदनारी' असा व्हायचा, आणि त्यात मला तेव्हा काही खटकत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो आला होता. बाबांनी त्याला निरोप धाडला. तो आला, गोठ्यापाशी उभा राहिला. बाबा ओट्यावर. मी दाराच्या आत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन दिवस द्या. लिवून आनतो."

तिसऱ्या दिवशी त्याने वहीचा आडवा कागद आणला. तीन रकाने पाडलेले. नागपूर, अमरावती, औरंगाबाद. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, जाण्यायेण्याचं भाडं, सगळं वेगवेगळं. अक्षर असं की आमच्या मास्तरांनी लाजावं. त्याने तो कागद पायरीवर ठेवला आणि तो चार पावलं मागे सरला. आई तांब्या घेऊन बाहेर आली आणि उचलायच्या आधी तिने त्यावर पाणी शिंपडलं.

शाई फुटली. नागपूर पार वाहून गेलं, अमरावतीचं निम्मं गेलं. बाबा आईवर ओरडले, "कागदावर कायले टाकतं वं पानी!" आई म्हणाली, "मंग कायच्यावर टाकू?" मला हसू आलं. मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसले. तो गोठ्यापाशी तसाच उभा होता आणि त्याला माझं हसणं ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तोच हिशेब पुन्हा लिहून घेऊन आला, या वेळी पेन्सिलीने. कागद ठेवताना म्हणाला, "आता पानी पडलं तरी चालते." बाबा हसले, आईसुद्धा हसली. त्याच्या बोलण्यात राग होता की नाही हे शोधायचा मी पुढे पुष्कळ प्रयत्न केला आहे. त्या दिवशी मात्र मी फक्त शेवटच्या ओळीतला आकडा पाहिला. औरंगाबादचा सगळ्यांत लहान होता.

खाली त्याने बारीक अक्षरात आणखी लिहिलं होतं. तिकडे अजून हाली रुपया चालतो, तो आपल्या रुपयाहून हलका आहे, त्यामुळे काही गोष्टी स्वस्त पडतात. मुलींना फीची माफी मागता येते, अर्ज दर सहामाहीला करावा लागतो. कॉलेजापासून जवळच एक विधवा शिक्षिका राहतात, त्यांच्याकडे चार मुली राहून हाताने रांधतात, एकीची जागा आहे. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, सोडा न्यावा. स्वतः त्या घराच्या आत त्याला पाऊल टाकता आलं नसणार. तरी डाळ शिजत नाही हे त्याने कोणाकडून तरी काढलं होतं.

औरंगाबाद म्हणजे आमच्याकडच्यांच्या लेखी मोगलाई. रझाकारांच्या वेळी तिकडून जीव घेऊन आलेली माणसं आमच्या भागात उतरली होती, त्याला चार वर्षंही झाली नव्हती. आई म्हणाली, "तिकडून लोकं इकडं पयाले, अन आपन पोरगी तिकडं धाडाची?" आणि तिकडे सगळं उर्दूत चालतं, अशीही एक भीती होती. बाबांनी त्याला पुन्हा बोलावलं आणि स्वतः गोठ्यापाशी गेले. तो म्हणाला, "मी दोन वर्सं राहून राह्यलो, दादा. मले काही झालं नाही. शिकवतात इंग्रजीत." बाबा परत आले आणि म्हणाले, "ठरलं."

गावात मात्र सांगितलं ते वेगळंच. वाशीमच्या मामांनी चौकशी केली, मामांनी कॉलेज शोधलं. मामांनी ते नाकारलं नाही. मीही नाही.

आता लग्नाखेरीज नाहीतर आजोळाखेरीज गावातून लेक बाहेर गेलेली आमच्या गावाने पाहिली नव्हती, त्यामुळे तिला निरोप कसा द्यायचा हे कोणाला माहीत नव्हतं. नवरीला लग्नाआधी घरोघरी जेवायला बोलावतात, त्याला आमच्याकडे गडगनेर म्हणतात. शेजारच्या काकीने पहिल्यांदा ते केलं. मग दुसरीने केलं, मग चढाओढच लागली. पेरणीचे दिवस, बायांना श्वास घ्यायला फुरसत नाही, तरी रोज कोणाच्या तरी घरी माझं ताट. पाटावर बसवायच्या, कुंकू लावायच्या, पुरण वाढायच्या आणि विचारायच्या, "नवरदेव कुठी हाय वं?" मी म्हणायचे, "पुस्तकात." सगळ्या खिदळायच्या. इतकी लाडकी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

एके दिवशी ऊन उतरल्यावर आत्या आली. त्याची आई. नवं सूप डोक्यावर, त्यावर धुतलेलं फडकं. अंगणाच्या कडेला सूप ठेवून ती म्हणाली, "माय, मी बाईले घरी नाही बलावू शकत. म्हनून इथंच आनलं. गहू हाय, डाळ हाय, गुयाचा खडा हाय. दयलं नाही मी, निवडलं बी नाही. तुमीच निवडा, तुमीच दया. माह्याकडून गडगनेर समजा."

दळलं तर नाहीच, निवडलंही नाही. आपला हात लागू नये म्हणून तिने खडे तसेच ठेवले होते. तो गहू आमच्याच वावरातला होता, सोंगणीच्या मजुरीत तिला मिळालेला. आमच्या घरातला एकूण एक दाणा तिच्या नाहीतर तिच्यासारखीच्या हाताखालून गेलेला होता, आणि तो आम्ही तीन वेळा मजेत जेवत होतो. पण वावरातून आला तो आमचा. तिच्या घरून उलटा आला तो तिचा.

आई वाईट बाई नव्हती. ती गोड बोलली. "कायले तरास घेतला वं," म्हणाली. आत्या मला म्हणाली, "बाई, माह्या पोराच्या भरवशावर जाऊन राह्यली तू. थो हाय तिथं. भेव नको." मग माझ्याकडे बघत राहिली, आणि मी काहीतरी बोलेन म्हणून जरा थांबली. मी म्हटलं, "हो आत्या." ती गेली.

आईने सूप गोठ्यात नेलं. गुरांच्या रात्रीच्या आंबोणात गहू, डाळ सगळं पडलं. गूळ बैलाला. आई चुलीपाशी होती म्हणून आंबोण कालवायला मला सांगितलं. मी कालवलं. कोपरापर्यंत हात घालून, गव्हाचे दाणे बोटांना लागत असताना, मी तेव्हा विचार करत होते की सोडा वाशीमहून आणावा की रिसोडहून. मला एवढंही वाटलं नाही की आपण काही करतो आहोत. सगळ्यांत जास्त शरम मला याचीच वाटते. मन मारून मी ते केलं असतं तर निदान मन होतं असं तरी म्हणता आलं असतं.

बाबा मला औरंगाबादला पोचवून गेले. मेहकर, जालना करत मोटारीने अख्खा दिवस. तो आमच्या आधी आठवडाभर गेला होता. मोटारस्टँडवर उभा होता. बाबांच्या हातातली माझी पेटी त्याने घ्यायला पाहिली आणि बाबांनी ती दिली नाही, "राहू दे, राहू दे" म्हणाले. तो पुढे, आम्ही दहा पावलं मागे, असे आम्ही त्या शिक्षिकाबाईंच्या घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कचेरीत कुठल्या खिडकीशी काय द्यायचं हे त्यानेच दाखवलं. बाबा निश्चिंत होऊन परतले.

पहिल्या पंधरवड्यात तो एकदा शिक्षिकाबाईंच्या फाटकाशी आला. माफीच्या अर्जाला काय काय जोडायचं ते सांगितलं. त्याचं कॉलेज दुसरं होतं, माझं दुसरं, तरी त्याला माझ्या कॉलेजची तारीख पाठ होती. जाता जाता जरा लाजत म्हणाला, "आईनं तुमाले शिधा देल्ला होता म्हने."

"हो तर," मी म्हणाले.

"केल्या का मंग पोया?"

काय म्हणायचं होतं मला? दुसरं तोंडात आलंच नाही. गोड बोलायला काही लागत नाही, तेवढंच मी आमच्या घरी शिकले होते. "केल्या ना," मी म्हणाले. "आईनं पुरणाच्या केल्या. फार गोड झाल्या होत्या. सांगा आत्याला."

त्याचा चेहरा असा फुलला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. एखाद्याला बरं वाटेलसं बोलता येणं म्हणजे चांगुलपणा, असं मला खरोखर वाटत होतं.

त्याने आईला कार्ड टाकलं. आत्याला वाचता येत नव्हतं. गावात आलेली कार्डं चावडीवर मास्तर मोठ्याने वाचून दाखवायचे, कोणाचंही कार्ड असो, दहा माणसं ऐकायची. चोरून ऐकण्यासारखं त्यात काही नव्हतं. पाऊस कसा आहे, म्हैस व्याली का, एवढंच असायचं. मास्तरांनी वाचलं, "बाईंनी तू दिलेल्या गव्हाच्या पोळ्या खाल्ल्या. फार गोड झाल्या असं सांगायला सांगितलं आहे."

हे मला कळलं दिवाळीला. गावात पोचले तर काकी मला बघून आत गेली. अंगणात कोणी आलं नाही. आईने मला न्हाणीत नेऊन, बादलीचा आवाज करत विचारलं, "तू काय सांगतलं वं त्याले?" मी सांगितलं. आईने कपाळाला हात लावला. "आता तुये बाबा शिकू देत अस्तात का? अन तुयंच काय, दोघी बहिनींचे बी लगनं राह्यतात घरातच."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळापुढे जातीतली चार मोठी माणसं बसली. बाबा खाली मान घालून. मी त्यांच्या मागे. आत्याला बोलावलं होतं, ती लांब निंबापाशी उभी. सगळ्यांत म्हातारे जे होते, ज्यांच्या घरी मी चार महिन्यांपूर्वी पाटावर बसून पुरण खाल्लं होतं, ते फार शांतपणे बोलले. "गव्हाचा इटाळ नाही, पोरी. गहू तं साऱ्याइच्याच हातचा येते. पन गडगनेर खाल्लं म्हनजे तू त्या घरची लेक झाली. सांग, खाल्लं का नाही?"

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. लेक झाली, हेच त्याचं खरं नाव होतं. आत्याने तेच केलं होतं.

"नाही खाल्लं," मी म्हणाले. हे तर खरंच होतं.

"मंग त्या पोराले काहून सांगतलं खाल्लं म्हनून?"

बाबांची मान माझ्या पुढ्यात होती. मानेवरची शीर उडत होती. मी बाबांची ती शीर बघत होते, आणि माझ्या डोळ्यांपुढे होतं ते कॉलेज, शिक्षिकाबाईंच्या घरची माझी खिडकी, तिथे ठेवलेली माझी पुस्तकं. खरं बोलले असते तर काय झालं असतं? घरी बसवलं असतं, माघात लग्न झालं असतं. त्याहून जास्त काही नाही.

"मी नाही सांगितलं," मी म्हणाले.

कोणीतरी म्हणालं, "पाह्यलं? शिकले का खोटं लिवाले लागतात." दुसरं कोणी म्हणालं, "येऊ द्या त्याले सुट्टीत, पाहून घेऊ." त्या आवाजात काय होतं हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. मलाही कळलं. 

तेव्हा निंबापासून आत्याचा आवाज आला. "पोराचं काही नाही, पाटील. मीच म्हनलं होतं त्याले, असं असं लिव म्हनून. गावात माहा मान वाढंल म्हनून. थो नाही म्हने. मीच आयकलं नाही. बाईनं काही खाल्लं नाही, बाईनं काही सांगतलं बी नाही."

ती हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं मी कितीदा मनाशी म्हटलं आहे. तिला सगळं कळलं होतं. गोठ्यातलं आंबोणही तिला तिथल्या तिथे कळलं असणार, कारण मी खाल्लं नाही तर तो गहू गेला कुठे, हे ओळखायला शाळा लागत नाही. हात जोडून ती उभी होती आणि म्हातारे तिला बोलत होते, आणि ती "चुकलं, चुकलं" म्हणत होती.

तिला शिक्षा म्हणाल तर काहीच केली नाही. फक्त त्या वर्षी कापूस वेचायला तिला गावातल्या कोणी बोलावलं नाही. आम्हीही नाही. ती पहाटे उठून रिठदकडच्या वावरांत जायची. बाबा घरी आल्यावर म्हणाले, "सुटलो बाप्पा," आणि आईने मला पोटाशी धरलं. मी पोटभर जेवले आणि झोपलेही. झोप लागली नाही असं लिहायचा मोह होतो आहे, पण लागली.

सुट्टी संपवून मी औरंगाबादला परतले. तो फाटकाशी येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि खरं सांगायचं तर तशी आशाही होती. तो आला. माफीचा दुसऱ्या सहामाहीचा कोरा अर्ज घेऊन आला होता, उद्या शेवटची तारीख होती आणि मी ती विसरले होते. त्याला सगळं कळलं होतं. आत्याने कळवलं नव्हतं. गावच्याच एका पोराने लिहिलं होतं.

"एक इचारू का?" तो म्हणाला. "त्या दिवशी हो काहून म्हनल्या तुमी? नाही खाल्लं म्हनल्या अस्त्या, तरी मले राग नसता आला. आमाले सवय हाय. मी आईले लिवलंच नसतं."

मी म्हणाले, "तुमच्या आईला वाईट वाटू नये म्हणून."

त्याने मान हलवली. ते त्याला पटलं असावं. मग आवाज जराही न चढवता त्याने विचारलं, "अन देवळापुढं?"

मी अर्जासाठी हात पुढे केला. त्याने अर्ज माझ्या हातात दिला, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो भरून कचेरीच्या खिडकीत दिला, आणि माझी फी माफ झाली.